बावन्न दोऱ्यांवरची शाळा

लातूरला आमच्या शेजारी एक प्राध्यापक राहतात. क्लासेसमध्ये बारावीला फिजिक्स शिकवतात. त्यांच्या एकेका वर्गात एवढी पोरं बसतात की शेवटच्या बाकावरच्यांना सर दिसावेत म्हणून मध्ये मध्ये टीव्ही टांगलेत. मी निवृत्त होऊन इथं राहायला आलो तेव्हा पहिल्याच चहाला ते मला म्हणाले, "अप्पा, तुमचं बरं होतं. पहिली ते चौथी. अ अननसाचा आणि बे दुणे चार. संपला विषय."

मी चहा गिळला आणि गप्प बसलो. मी गप्प बसलो हे आमच्या घरात आजही कुणाला पटत नाही, पण बसलो. कारण बे दुणे चार शिकवणं म्हणजे काय, हे एका कपात मावणारं काम नाही. त्याला दिवाळी अंकाची पानं लागतात.

आधी धंद्याची माहिती देतो. मुखेड तालुक्यात बालाघाटाच्या उतारावर एक वाडी आहे. नाव लिहीत नाही, कारण वाडीतले सगळे अजून जिवंत आहेत आणि त्यातले निम्मे वाचायला माझ्याच हाताखाली शिकलेत. तिथली जिल्हा परिषदेची शाळा कागदावर दोन शिक्षकांची. दुसरे गुरुजी तोंडी हुकमानं दुसऱ्या गावी गेलेले, ते गेलेलेच. म्हणजे खोली एक, फळा एक, मास्तर एक आणि वर्ग चार. शिवाय खिचडी. एका कोपऱ्यात पहिलीवाले 'क' गिरवून राहिलेत, दुसरीवाल्यांची हातच्याची वजाबाकी अडून बसलीय, तिसरीला जिल्ह्यातल्या नद्या पाहिजेत आणि चौथीवाल्यांनी अपूर्णांक असा पकडलाय की तो सुटायला तयार नाही. चार बैल चार दिशांना आणि औत एकच.

लोकांना वाटतं की अशा खोलीत गोंधळ होत असेल. तर होतो. माझा आवाज त्यावर उपाय होता. मी सातचा पाढा धरला की वाडीतल्या म्हशी रवंथ थांबवायच्या आणि ओढ्यापलीकडच्या मोठ्या गावातल्या शाळेतली पोरं आपसूक पुढचं म्हणायची, "सात सक बेचाळीस." ही गोष्ट मी तालुक्याच्या शिक्षण परिषदेत सगळ्या शिक्षकांसमोर छाती फुगवून सांगितली होती. पुढं ती माझ्याच अंगावर आली, ते सांगेन.

आवाजानं माणसं गप्प होतात, शिकत नाहीत. हे समजायला मला आठ-दहा वर्षं लागली. मग मी एक युक्ती काढली. म्हणजे युक्ती लेकरांचीच, मी फक्त ती माझ्या नावावर करून घेतली. चार वर्गांना चार धडे द्यायचे नाहीत. एक वस्तू खोलीच्या मधोमध ठेवायची. समजा, ज्वारीचं कणीस. पहिलीनं दाणे मोजायचे, दहा-दहाचे ढीग करायचे. दुसरीनं त्यावरचे शब्द लिहायचे: ताट, पान, कणीस, कडबा, हुरडा. तिसरीनं चित्र काढून मूळ-खोड-पान दाखवायचं. चौथीनं हिशोब मांडायचा की एका कणसात इतके, तर शेतातल्या एका तासात, म्हणजे एका ओळीत, किती कणसं आणि किती दाणे. नंतर सगळ्यांनी मिळून हुरड्याचं गाणं रचायचं आणि शेवटी विषय खाऊन टाकायचा. विषय वेगवेगळे असतात ते वेळापत्रकात. लेकरांना हे ठाऊक नसतं. एकदा एक साहेब तपासणीला आले आणि दारात उभे राहून दुसरीतल्या पोराला त्यांनी विचारलं, "आता कोणता तास चालू आहे?" पोरगं म्हणालं, "ज्वारीचा." साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते मी वाचलं नाही, सही करून दप्तर कपाटात टाकलं.

तर अशी ती सोळा लेकरांची शाळा. त्यात सगळ्यात धाकटी गोदी. पहिलीतली. एवढीशी की ती दप्तर आणायची का दप्तर तिला आणायचं, हे लांबून सांगता येत नसे. सगळ्यात थोरली म्हणाल तर चौथीतली वैष्णवी. तिचे आजोबा, आबा, अंबाडीची दोरं वळायचे. नायलॉनच्या काळातही पोळ्याला आबांचाच कासरा पाहिजे असं म्हणणारी माणसं दोन-चार गावांत होती. वैष्णवी पीळ द्यायला त्यांच्याबरोबर बसायची. बोलायची थोडं आणि बघायची फार. मला असली लेकरं आवडतात आणि त्यांची भीतीही वाटते.

एका श्रावणात पत्र आलं. पट कमी, सबब शाळा पलीकडच्या मोठ्या गावच्या शाळेत मिळवून टाकण्याचा विचार आहे, म्हणणं असल्यास कळवावं. नियम असा की पहिली ते चौथीच्या लेकराला घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा पाहिजे. पत्रात दोन शाळांमधलं अंतर एक किलोमीटरहून कमी लिहिलेलं, आणि पुढं 'रस्ता बारमाही'. बारमाही म्हणजे बारा महिने चालता येतो असा. मध्ये ओढा आहे आणि त्यावर पूल नाही, हे कागदाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोदीची आई शाळेत आली. पदर खोचलेला, हात पिठाचे. म्हणाली, "गुर्जी, आसं ऐकलंय ते खरं का?"

"विचार चालू आहे म्हणतात."

"मंग माझा बी इचार ऐका. वढा वलांडून मी पोरीला धाडनार न्हाई. माझी शाळा बी तिथंच संपली होती. वढ्यावर. हिची पहिलीतच संपंल."

एवढं बोलून ती गेली. रडली नाही की भांडली नाही. मला वाटलं, भांडली असती तर बरं झालं असतं.

मी लगेच विस्तार अधिकारी मॅडमना फोन लावला. आता माझा स्वभाव. आमचे वडील उदगीरला भुसाराचं दुकान चालवायचे आणि तराजूची दांडी सरळ झाल्याशिवाय गिऱ्हाइकाशी बोलायचे नाहीत. त्यांच्या पोटी मी जन्मलो. मी मॅडमना सांगितलं की अंतर दोन-अडीच किलोमीटर सहज भरेल, ओढ्याला दोन पुरुष पाणी असतं, आणि किनवटच्या जंगलातून वाट चुकलेलं एक अस्वल तिकडं दिसल्याची चर्चा आहे.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अप्पा सर, तुमचा आवाज त्या शाळेत ऐकू जातो असं तुम्हीच परिषदेत सांगितलं होतं."

मी म्हणालो, "हो, पण वारा..."

"दोन किलोमीटरवर?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग त्याच म्हणाल्या, "मला शाळा बंद करायची हौस नाही. तुम्ही मोजा, खरं काय ते लिहून ठेवा. मी स्वतः येऊन बघते."

मला तर मोजमापाचा धडाच मिळाला. चौथीला लांबीचं माप होतं, तिसरीला नकाशा, दुसरीला दहा-दहानं मोजणं, पहिलीला जवळ-लांब. खोलीच्या मधोमध यावेळी कणसाऐवजी अख्खी शाळा ठेवली. आबांकडून अंबाडीचं एक लांबलचक दोर आणलं. मीटरपट्टीनं वीस वेळा मोजून वीस मीटरवर दोन्ही टोकांना गाठी मारल्या. ठरलं की उद्या सकाळी या शाळेच्या पायरीपासून त्या शाळेच्या पायरीपर्यंत, जशी वाट वळेल तसं दोर टाकत जायचं.

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष मारुती अण्णा म्हणाले, "गुर्जी, पहाटंच मोजा. उनात लेकरं दमतेत. दोर राहू द्या माझ्याकडं, मी आनतो."

किती चांगला माणूस, असं मला वाटलं. सकाळी अण्णा दोर घेऊन आले तेव्हा ते टपटप गळत होतं. म्हणाले, "रातच्याला पाऊस आला नव्हं, भाईर राहिलं."

मोजणी सुरू झाली. पुढच्या टोकाला वैष्णवी, मागच्या टोकाला चौथीतलाच एक पोरगा. एक दोर झालं की दुसरीतली पोरं एक चिंचोका डब्यात टाकायची. तिसरीवाले वाटेत काय लागतं ते कागदावर मांडत होते: बाभूळ, बांध, घोटाभर पाण्याचा ओढा, कुणाची तरी कडब्याची गंजी. गोदीला काम दिलं होतं की 'लांब' वाटलं की सांगायचं. तिनं तिसऱ्याच दोराला सांगितलं. मागून अर्धी वाडी. लग्नाची वरात बरी, असला थाट.

पलीकडच्या शाळेच्या पायरीला गाठ लागली आणि चिंचोके मोजले. बावन्न. चौथीनं गुणाकार केला. एक हजार चाळीस मीटर. एक किलोमीटरच्या वर चाळीस मीटर. अण्णांनी टोपी काढून पुन्हा घातली. मी पेन काढलं.

तेवढ्यात वैष्णवी म्हणाली, "गुर्जी, दोर वलं हाय."

"मग?"

"वलं दोर आखडतंय."

मी वाडीकडं बघितलं. अख्खी वाडी आभाळाकडं बघत होती. जन्मभर अंबाडीच्या दोरानं जनावरं बांधणारी माणसं ती; ओलं दोर आखूड होतं हे तिथल्या वासरांनाही ठाऊक. ठाऊक नव्हतं ते उदगीरच्या दुकानदाराच्या पोराला. अण्णा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "गुर्जी, लेकराच्या बोलन्यावर नका जाऊ. बावन्न आलं का न्हाई? मंग बावन्न लिवा."

आणि मी वैष्णवीला सगळ्यांसमोर म्हणालो, "तू गप बस. मोठी मोजणीवाली लागून गेलीस."

ती गप बसली. दोराची गुंडाळी केली, खांद्यावर टाकली आणि शाळेच्या कोपऱ्यात आणून ठेवली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी छड्या मारल्या त्या मोडल्या आणि विसरल्या गेल्या. हे वाक्य मात्र राहिलं.

लेकरं घरी गेल्यावर मी एकट्यानं ते दोर मीटरपट्टीनं मोजलं. गाठीपासून गाठीपर्यंत अठरा मीटर साठ सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक दोराला एक मीटर चाळीसची चोरी. गुणाकार चौथीचाच आहे, वाचकांनी करून बघावा. मी चारदा केला, दर वेळी नऊशे सदुसष्टच्या आसपास येत होतं. मग मी दोर आबांकडं पोचवलं आणि वहीत एक हजार चाळीस लिहिलं. मनाशी म्हटलं की गोदीसाठी करून राहिलो. माणूस स्वतःला काहीही सांगू शकतो, त्यात माझा तर हातखंडा.

दुसऱ्या दिवशी वैष्णवी आली नाही. गोदीही आली नाही. वैष्णवी पहिलीपासून एकदा, फक्त एकदाच, गैरहजर होती, तीही गालफुगीला. मी खिचडीच्या सुट्टीत आबांच्या घरी गेलो. आबा दारात बसून अंबाडीच्या काड्यांची सोप, म्हणजे साल, सोलत होते.

मी विचारलं, "आबा, पोरगी कुठं?"

"दोर घिऊन गेली. सकाळधरनं दोन झाडायला ताणून वाळीवलं तिनं. मला म्हनली, गुर्जीचा अभ्यास हाय." आबांनी मान वर केली. "तुमीच दिला नव्हं?"

मी म्हणालो, "हाव. मीच दिला."

वाटेवरच गाठ पडली. पुढं वैष्णवी, मागच्या टोकाला गोदी. गोदीला दोर धरायचं असतं एवढंच माहीत होतं. ती दोन्ही मुठींत टोक घेऊन जमिनीला अशी टेकून बसली होती की तिला घेऊन बैलगाडी उलटली असती तरी टोक हललं नसतं. मी त्यांच्याबरोबर मोठ्या गावच्या पायरीपर्यंत गेलो. वाटेत त्यांनी दोर टाकणं थांबवलं नाही.

"अठ्ठेचाळीस दोऱ्या," वैष्णवी शेवटी म्हणाली. "आन् वर चौदा पावलं. माझी दोन पावलं म्हंजी एक मीटर. म्या पट्टीवर बघितलंय."

नऊशे साठ आणि सात. नऊशे सदुसष्ट. माझ्या गुणाकाराशी तिच्या पायांचा मेळ बसला होता.

मी तिथंच पायरीवर बसलो. म्हणालो, "वैष्णवी, खरं सांग. तुला आपली शाळा बंद व्हायला पाहिजे का?"

"न्हाई."

"मग एक हजार चाळीस राहू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

पोरगी कीर्तनाला उभी राहील असं मला वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. ती म्हणाली, "म्याडम वाळलं दोर घिऊन आल्या तर?"

"तर काय?"

"मंग आपल्या वढ्याच्या वहीचं बी त्या खरं धरनार न्हाईत."

ओढ्याची वही मी विसरूनच गेलो होतो. जूनमध्ये तिसरी-चौथीला पाण्याचा धडा होता, तेव्हा ओढ्याच्या काठाला एक वेळूची काठी रोवून तिच्यावर खुणा केल्या होत्या. रोज सकाळी शाळेला येण्याआधी पाळीपाळीनं दोघांनी जायचं, पाणी कोणत्या खुणेला आहे ते बघून यायचं आणि वहीत लिहायचं. मी आठवडाभर तपासली आणि सोडून दिली. लेकरांनी सोडली नव्हती. शंभरावर पानं म्हटलं असतं, पण आता मला खरं सांगायची सवय लावून घ्यायची आहे. चाळीस पानी वही होती आणि ती भरत आली होती.

मी पोरीला म्हणालो, "कालचं माझं बोलणं चुकलं."

"हाव," ती म्हणाली, आणि दोर गुंडाळायला लागली.

मी शाळेत येऊन एक हजार चाळीसवर रेघ मारली आणि खाली नऊशे सदुसष्ट लिहिलं. संध्याकाळी अण्णा आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"गुर्जी, तुमी शिकलेले मानसं. एक आकडा संबाळता आला न्हाई? शाळा गेली तर तुमची बदली व्हईल, तुमाला काय. आमची लेकरं घरी बसतेल."

"अण्णा, दोर रात्री पावसात राहिलं का हौदात?"

अण्णा म्हणाले, "हौद बी पावसातच हाय," आणि निघून गेले. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. माझं काही जाणार नव्हतं. जाणार होतं ते गोदीचं.

मग चार दिवस आमच्या शाळेत जे चाललं ते मी प्राध्यापकांना दाखवायला पाहिजे होतं. चौथीनं अर्ज लिहिला. मी फळ्यावर सुरुवात करून दिली: 'आमच्या वाडीजवळून एक रौद्र, अक्राळविक्राळ ओढा वाहतो.' एका पोरीनं विचारलं, "गुर्जी, अक्राळविक्राळ म्हंजी किती खुणा?" मी ते शब्द पुसले. तिसरीनं नकाशा काढला, उत्तर कुठं हे सूर्य बघून ठरवलं, ओढा निळा आणि वाट तांबडी केली. दुसरीनं वहीतले दिवस मोजले. पहिलीनं चित्र काढलं. त्यात ओढा शाळेपेक्षा मोठा होता, पण चित्राला तेवढी सूट असते.

मॅडम आल्या त्या दिवशी लख्ख ऊन. आठ दिवस पावसाचा थेंब नाही. ओढ्यात पाणी किती, तर कोंबडीचे पाय भिजतील एवढं. तो ओढा मला ओळखत असता तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या. मॅडम चपला हातात न घेता, दगडावरून दगडावर पाय देत वाडीत आल्या आणि मला वाटलं, संपलं.

त्यांनी पिशवीतून टेप काढला. वैष्णवीनं माझ्याकडं बघितलं. मी आढ्याकडं.

"अंतर किती आलं?" मॅडमनी विचारलं.

"नऊशे सदुसष्ट मीटर," चौथीनं एका सुरात सांगितलं.

मॅडमनी पत्र बघितलं, मोजणीची वही बघितली, मग माझ्याकडं बघितलं. "अप्पा सर, हे तर तुमच्या विरुद्ध जातं."

"हो."

"वर एक आकडा खोडलाय."

"ते ओल्या दोराचं हाय," वैष्णवी म्हणाली. "नंतर वाळल्या दोरानं मोजलं."

मॅडमनी टेप पिशवीत परत ठेवला. मी बघत होतो. त्यांनी तो उलगडलासुद्धा नाही. मग म्हणाल्या, "आणखी काय आहे?"

लेकरांनी ओढ्याची वही दिली. त्या सावकाश पानं उलटत होत्या. तारीख, कोण बघायला गेलं, पाणी कुठं. घोटा. घोटा. गुडघा. कोरडं. घोटा. गुडघा. कंबर.

"गुडघा म्हणजे कुणाचा गुडघा?" त्यांनी विचारलं. "सगळ्यांचे सारखे नसतात."

"गोदीचा," तीन-चार जण एकदम म्हणाले.

"का? तिचाच का?"

वैष्णवी म्हणाली, "ती समद्यात बारकी हाय. तिला जमलं तर समद्यायला जमतंय."

गोदीला पुढं ढकललं गेलं. मॅडमनी तिला जवळ उभं करून तिच्या गुडघ्याला हात लावला, मग कंबरेला. वही परत उघडली. "हे मध्ये मध्ये कोरे दिवस दिसतात. तारीख आहे, नावं आहेत, पाणी लिहिलेलं नाही. या दिवशी गेलाच नाहीत का?"

"गेलो होतो की."

"मग लिहिलं का नाही?"

"काठीच दिसत नव्हती," वैष्णवी म्हणाली. "समदं पानीच होतं. मंग कोन्ती खूण लिवावं?"

"खूप पाणी, असं लिहायचं."

"दिसलं न्हाई ते लिवायचं न्हाई, आसं ठरलंय आमचं."

मॅडम माझ्याकडं वळून म्हणाल्या, "हे चांगलं शिकवलंत, सर."

मी मान खाली घालून नम्रपणे ते श्रेय घेणारच होतो. वैष्णवी म्हणाली, "गुर्जींनी न्हाई. गुर्जी म्हनले होते, दोन पुरुष पानी लिवा. आमीच न्हाई लिवलं."

मॅडम हसल्या. वाडीत आल्यापासून पहिल्यांदा. मग खाली सतरंजीवर बसल्या आणि दुसरीच्या पोरांकडून ते कोरे दिवस मोजून घेतले. पोरांनी आधीच मोजून ठेवले होते, तरी पुन्हा चिंचोके मांडून मोजून दाखवले. त्यांनी वहीच्या पानांचे फोटो घेतले, नकाशाचा घेतला, ओढ्यावर नेऊन गोदीला काठीशेजारी उभं करून तिचाही घेतला. अर्ज वाचला. जाताना अण्णांनी त्यांना विचारलं, "म्याडम, मंग?" त्या म्हणाल्या, "मी वर पाठवते. माझ्या हातात तेवढंच आहे." अण्णा दोन महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. गोदीची आई मात्र रोज पोरीला सोडायला यायला लागली. शाळा किती दिवसांची राहिली कुणास ठाऊक, तेवढे तरी एकही दिवस चुकायला नको, असं तिचं म्हणणं.

दिवाळीनंतर पत्र आलं. वाटेत ओढ्याचा अडथळा असल्यामुळं आणि पावसाळ्यात लहान मुलांना ये-जा करता येत नसल्यामुळं शाळा आहे तिथंच राहील. नऊशे सदुसष्ट मीटरचा उल्लेख होता आणि 'विद्यार्थ्यांनी केलेल्या नोंदींवरून' असे शब्द होते. मी ते पत्र वर्गात मोठ्यानं वाचलं. मोठ्यानं म्हणजे माझ्या मोठ्यानं. पहिलीतल्या एकानं विचारलं, "म्हंजी सुट्टी न्हाई का?" बाकीच्यांनी त्याला गप केलं.

गोदीची आई त्या दिवशी चुलीवरून उठून आली. तिनं पत्र हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि पोरीला म्हणाली, "वाच." गोदीला तेव्हा जोडाक्षरं यायची नव्हती. तिनं अक्षराखाली बोट ठेवून तिला येत होतं तेवढंच वाचलं: "शा... ळा..." पुढं अडली. आई म्हणाली, "बास."

वैष्णवी चौथीत होती हे मी मघाशी लिहिलं. आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला मोठ्या गावी जायचं, ओढा ओलांडून, आणि पाचवीच्या पुढं किलोमीटरचा नियमही वेगळा. म्हणजे ज्या शाळेसाठी ती पोरगी दोर घेऊन उन्हात फिरली, ती वाचून तिला काहीच मिळणार नव्हतं. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या लक्षात आलं ते मे महिन्यात, तिचा दाखला लिहिताना. दाखल्यावर 'वर्तन' असा एक रकाना असतो. सगळ्यांच्या दाखल्यावर 'चांगले' लिहायची रीत. मी पेन धरून बराच वेळ बसलो आणि तेच लिहिलं, कारण तो रकाना एवढाच असतो.

माझी नोकरी अजून एक वर्ष बाकी होती. ते वर्ष आमच्या शाळेच्या खोलीत, त्याच फळ्यापुढं गेलं, आणि माझ्या सगळ्या नोकरीत तेच सगळ्यात सुखाचं होतं. मी त्या लेकरांना पाढे दिले, बाराखडी दिली, पाच नद्या आणि नऊ ग्रह दिले. ग्रह आठच उरलेत हे मला उशिरा कळलं, मग एक परत घेतला. त्यांनी मला एक आकडा खोडायला लावला. देवाणघेवाणीत मी फायद्यात राहिलो आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे, हे छापील राहू द्या.

त्या वर्षीच्या जून महिन्यात, शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल, मोठ्या गावच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. भला माणूस, पण आवाज त्रासलेला.

"अप्पा सर, तुमच्याकडची ती वैष्णवी आमच्या पाचवीत आलीय."

"हाव. काय केलं तिनं?"

"काही केलं नाही. विचारलं. म्हणाली, सर, वढ्याला पानी असलं त्या दिवशी मी येनार न्हाई. त्या दिवशी हजेरीत गैरहजर लिवनार का येता आलं न्हाई आसं लिवनार? मी म्हणालो, बाळा, हजेरीत तसा रकाना नसतो. तर म्हणाली, मग आखा की." त्यांनी श्वास घेतला. "आता हजेरीपट शासनाचा. बाहेर पाऊस सुरू झालाय. मी काय लिहू?"

मी म्हणालो, "सर, तिलाच विचारा."